मांडवाच्या दाराशी: मैफलीची समीक्षा कुठून सुरू होते?



सुरुवातीलाच एक खुलासा करतो. पुढच्या तासाभरात तुम्हाला सारखं 'आम्ही, आम्ही' ऐकू येईल. ते मोठेपणाचं 'आम्ही' नाही. आम्ही खरोखरच चौघे आहोत. व्यासपीठावर एकजण बोलतोय, पण हातातल्या कागदांवर चौघांचे मुद्दे आहेत आणि काही ठिकाणी चौघांची भांडणंही आहेत. आमच्यातले एकजण अपघातानंतर व्हीलचेअर वापरतात. एकींना दिसायला फार कमी दिसतं. एकजण दोन्ही कानांना श्रवणयंत्र लावतात. आणि चौथ्या ज्या आहेत त्यांना स्वतःला काही नाही, पण त्यांचा धाकटा भाऊ स्वमग्न आहे आणि त्याला घेतल्याशिवाय त्या गाण्याला जात नाहीत. गेली काही वर्षं हिवाळा आला की आम्ही खुल्या मैदानावरच्या संगीत महोत्सवांना जातो आणि घरी आल्यावर जे झालं ते लिहून ठेवतो. आजचं व्याख्यान त्या वहीतून आलेलं आहे.

विषय जाहीर झाल्यावर एका स्नेह्यांनी विचारलं, "अहो, ही व्याख्यानमाला समीक्षेची. तुमचा विषय तर सोयीसुविधांचा. तो महापालिकेत मांडा की." प्रश्न रास्त आहे. म्हणून तिथूनच सुरू करू.

आपल्याकडे संगीतसमीक्षेची परंपरा काही लहान नाही. वामनराव देशपांड्यांचं 'घरंदाज गायकी' १९६१ साली आलं आणि घराण्यांकडे स्वर आणि लय या दोन टोकांच्या मधून बघायची एक दृष्टी आपल्याला मिळाली. तेव्हापासून आपण आवाजाचा लगाव, बंदिशीची मांडणी, तानांची जात, साथीचा तोल यांवर बोलतो, आणि चांगलं बोलतो. महोत्सवाचं वृत्तांकन वाचा. पहिल्या सत्रात कोणी काय गायलं, दुसऱ्यात काय, श्रोत्यांनी कशी दाद दिली. 'श्रोत्यांनी' हा शब्द प्रत्येक वृत्तांतात असतो. पण श्रोता तिथे पोचला कसा, बसला कशावर, उठला कसा, हे कुठेच नसतं. समीक्षक गृहीत धरतो की श्रोता आहेच. आमचं म्हणणं एवढंच, की मैफल ही गाणारा आणि ऐकणारा मिळून होते असं आपण मानतो ना, मग अर्ध्या मैफलीची समीक्षा अजून व्हायचीच आहे. ती मांडवाच्या दाराशी सुरू होते.

आता एक प्रसंग. गाव सांगत नाही, महोत्सवाचं नावही सांगत नाही, कारण दोष एकाचा नाही. पश्चिम महाराष्ट्रातलं एक मध्यम शहर, शाळेचं मैदान, तीन दिवसांचा महोत्सव. आमचे व्हीलचेअरवाले मित्र लहानपणी याच महोत्सवाला वडिलांबरोबर जायचे, सतरंजीवर वडिलांच्या मांडीला डोकं टेकून ऐकायचे. अपघातानंतर सहा वर्षं गेले नव्हते. त्या वर्षी आम्ही त्यांना नेलं.

फाटकापासून मांडवापर्यंत मुरूम टाकलेला. ज्यांनी व्हीलचेअर कधी ढकलली नसेल त्यांना सांगतो, ओल्या मातीपेक्षा सैल मुरूम वाईट. पुढची छोटी चाकं रुततात आणि माणूस पुढे फेकला जातो. म्हणून आम्ही खुर्ची उलटी फिरवून मागे मागे ओढत नेली. मांडवाच्या तोंडाशी लाकडी फळ्यांचा ओटा, साधारण नऊ इंच उंच. जमीन ओलसर म्हणून सगळी बैठक उचलून घेतलेली. रॅम्प नाही. आम्ही थांबलो तसे चार स्वयंसेवक धावत आले. चांगली मुलं होती. "काका, काळजी करू नका, आम्ही आहोत ना!" आणि आमचं 'थांबा' म्हणून होईपर्यंत चौघांनी खुर्ची उचललीसुद्धा. खुर्ची उचलताना हात कुठे धरायचा हे कळावं लागतं. एकाने पाय ठेवायच्या पट्टीला धरलं, ती निघून आली आणि मित्र एका बाजूला कलले. पडले नाहीत. पण सगळा मांडव वळून बघत होता आणि एका गृहस्थांनी फोटो काढला. तो दुसऱ्या दिवशी महोत्सवाच्या पानावर आला, खाली 'माणुसकीचं दर्शन' असं काहीतरी.

पुढचं ऐका. मित्र सकाळपासून पाणी प्यायले नव्हते. फिरत्या शौचालयांना दोन पायऱ्या असतात आणि दार दोन फुटांचं असतं, हे त्यांना माहीत होतं. दुपारी चारपासून रात्री दहापर्यंत ते तसेच बसले. मालकंसाचा विलंबित ख्याल सुरू होता तेव्हा आम्ही त्यांना विचारलं, कसं वाटतंय? म्हणाले, "गाणं उत्तम आहे, पण मी अर्धा वेळ घड्याळ बघतोय." आणि रात्री कार्यक्रम संपला तेव्हा ती चार मुलं घरी गेलेली होती. आत घेणारे भेटतात, बाहेर काढणारे भेटत नाहीत. पाऊण तास आम्ही त्या नऊ इंचांच्या कडेवर बसून होतो. समोर मांडववाले सतरंज्या गुंडाळत होते.

ही तक्रार म्हणून सांगत नाही, टीका म्हणून सांगतोय. तक्रारीत फक्त दोषी कोण ते शोधतात. टीकेत अशी मांडणी का झाली ते बघतात. या प्रसंगात दुष्ट माणूस कोणीच नाही. उलट सगळे फारच चांगले आहेत, आणि तो चांगुलपणा रॅम्पच्या जागी उभा केलेला आहे. खुर्ची उचलायला चार मुलं हजर असली की रॅम्प लागत नाही, असा हिशेब आहे. मित्राने तेव्हा एक वाक्य टाकलं, ते वहीत तसंच आहे. "मी नको म्हटलं तर गाणं जातं. हो म्हटलं तर रॅम्प जातो."

या वाक्याभोवती आजचं सगळं व्याख्यान आहे.

नऊ इंचांचा हिशेब करू. आपल्या देशातल्या सुगम्यतेच्या मार्गदर्शक तत्त्वांमध्ये रॅम्पचा उतार एकास बारा धरलेला आहे. म्हणजे एक इंच चढायला बारा इंच लांबी. नऊ इंचांना नऊ फूट. नऊ फूट लांब, चार फूट रुंद, खाली आधार, दोन्ही कडांना चाक घसरू नये म्हणून पट्टी आणि बाजूला धरायला कठडा. ज्या मांडववाल्याने चारपाच फूट उंचीचं व्यासपीठ, त्यावर कमान आणि त्यावर फुलांची आरास उभी केली, त्याला हे एका दुपारचं काम आहे. सांगितलं कोणी तर! त्याला दिलेल्या यादीत ते नव्हतं, म्हणून झालं नाही. यादी कोण करतं? जो कधी मुरमावरून ओढला गेलेला नाही, तो.

इथे आम्हाला नेहमी तीन उत्तरं मिळतात. तिन्ही घेऊ.

पहिलं उत्तर, "अहो, हे मैदान आहे. कायमची इमारत असती तर केलं असतं."

इंग्लंडमधला ग्लास्टनबरीचा महोत्सव आपल्यातल्या तरुण मंडळींना माहीत असेल. सॉमरसेट परगण्यात पिल्टन गावाजवळ एका दुग्धव्यवसायाच्या शेतावर १९७० साली सुरू झाला. मालक शेतकरी, मायकेल ईव्हिस. हा महोत्सव चिखलासाठी प्रसिद्ध आहे, म्हणजे गाण्याइतकाच चिखलासाठी. गुडघाभर बुटांशिवाय लोक जात नाहीत. शेतात, तंबूंत, काही दिवसांपुरता, लाखावर माणसं. 'मैदान आहे हो' म्हणायचा हक्क कोणाला असेल तर त्यांना. आणि तिथे काय आहे? अपंग प्रेक्षकांना राहायला वेगळं शिबिर आहे. प्रमुख रंगमंचांसमोर उंच केलेले, रॅम्पने चढायचे प्रेक्षकमंच आहेत. सोबत्याला वेगळं तिकीट पडत नाही. विजेवरची व्हीलचेअर चार्ज करायची जागा आहे, औषधं थंड ठेवायला फ्रीज आहे, सांकेतिक भाषेचे दुभाषे आहेत. शेतकऱ्याच्या शेतात. दर वेळी उभं करतात आणि दर वेळी मोडतात.

हे सगळं आयोजकांच्या मोठ्या मनातून आपोआप उगवलेलं नाही बरं का. २००० साली सुझॅन बुल या संगीतवेड्या, स्वतः अपंग असलेल्या बाईंनी 'अ‍ॅटिट्यूड इज एव्हरीथिंग' नावाचं काम सुरू केलं. त्यांची पद्धत आम्हाला समीक्षेची पद्धत वाटते. त्यांनी अपंग श्रोत्यांनाच गुपचूप कार्यक्रमांना पाठवलं. तिकीट कसं मिळालं, फाटकावर कोण काय म्हणालं, शौचालय कुठे, रंगमंच दिसला का, हे त्यांनी लिहून आणायचं. त्यातून एक सनद तयार झाली, आणि ती पाळणाऱ्या स्थळांना, महोत्सवांना कांस्य, रौप्य, सुवर्ण अशी श्रेणी मिळू लागली. घराण्यांची प्रतवारी आपण करतोच. ही फाटकांची प्रतवारी.

आणि त्यामागे कायदा आहे. ब्रिटनच्या २०१० च्या समता कायद्यात सेवा देणाऱ्यावर आधीच विचार करून ठेवायची जबाबदारी आहे. अपंग माणूस दारात येऊन 'मला हवंय' म्हणेपर्यंत वाट बघायची नाही. तो येणार आहे हे धरून चालायचं.

पण आम्ही काही इंग्लंडची आरती ओवाळायला आलेलो नाही. त्या प्रेक्षकमंचावर टीका करायला जागा आहे. सोबती किती? बहुतेक ठिकाणी एक. म्हणजे पाच मित्र मिळून गेलात तर तुम्ही आणि एकजण वर, बाकी तिघे खाली गर्दीत. मळ्यात पाखरं राखायला माचण बांधतात ना, तशा माचणीवर बसून तुम्ही आपल्याच मित्रांना लांबून नाचताना बघता. दिसतं सगळं, पण सामील होता येत नाही. आमच्या चौघांत यावर भांडण झालं. एकांचं म्हणणं, आधी दिसू तर दे, सामील होणं नंतर. दुसऱ्यांचं म्हणणं, वेगळी चौकट एकदा आखली की ती कायमची होते. हे भांडण मिटलेलं नाही. तुमच्यापुढे तसंच ठेवतो.

दुसरं उत्तर, "तुमच्यासारखे लोक येतातच किती?"

२०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख अपंग व्यक्ती मोजल्या गेल्या, लोकसंख्येच्या २.२१ टक्के. महाराष्ट्रात २९ लाखांहून अधिक. आणि तेव्हा अपंगत्वाचे मोजके प्रकार धरले होते. २०१६ च्या कायद्याने ते एकवीस केले. तेव्हा माणसं आहेत. ती मांडवात नाहीत. विहिरीला पायऱ्या नसल्या आणि कोणी उतरलं नाही, तर गावाला तहान नाही असं कोणी म्हणत नाही.

आणखी एक गोष्ट. शास्त्रीय संगीताच्या महोत्सवात आजूबाजूला बघा. अर्धे श्रोते साठीच्या पुढचे. गुडघे गेलेले, कमरेत पट्टा, कानात यंत्र, डोळ्यांत नुकतं मोतीबिंदूचं भिंग. ही मंडळी स्वतःला अपंग म्हणवून घेणार नाहीत, पण खुर्चीसाठी त्यांची जी धडपड चालते ती बघून घ्या. आमच्यासाठी घातलेला कठडा सगळ्यात आधी आजोबाच धरणार आहेत.

तिसरं उत्तर सगळ्यात गंभीर आहे, कारण ते संस्कृतीचं आहे. "भारतीय बैठक हा मैफलीचा आत्मा आहे. खुर्च्या, रॅम्प, कठडे आले की ते सभागृह झालं. मैफल नाही राहिली."

या उत्तराचा आम्हाला आदर आहे. आमचे मित्र सतरंजीवर वाढलेत, बैठकीची ऊब काय असते ते त्यांना तुमच्याइतकंच कळतं. पण आपण आपल्याच इतिहासाकडे बघू. पुण्याचा सवाई गंधर्व महोत्सव १९५३ साली भीमसेन जोशींनी आपल्या गुरूंच्या स्मरणार्थ सुरू केला. महाराष्ट्रातल्या जवळजवळ प्रत्येक गावचा महोत्सव त्याच्याकडे बघून उभा राहिला. अनेक दशकं तो रात्रभर चालायचा. थंडीत शाली लपेटून लोक पहाटेपर्यंत बसायचे, आणि पहाटेचे राग पहाटेच ऐकू यायचे. रात्र हाच त्याचा आत्मा, असं तेव्हा सगळे म्हणत. मग ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली आले. खुल्या जागेत रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक बंद, आणि वर्षातले मोजके दिवस सोडले तर बारापर्यंतचीही सवलत नाही. सत्रं दुपारी सुरू झाली. हळहळ झाली, आम्हालाही झाली. पण महोत्सव चालू राहिला, माणसं येत राहिली, गाणं होत राहिलं.

म्हणजे काय? आत्मा म्हणून ज्याला हात लावता येत नव्हता, त्याला नियमाने हात लावला आणि मैफल मेली नाही. मग नऊ फुटांच्या रॅम्पने ती कशी मरेल? फरक परंपरेचा नाही. फरक असा, की दहा वाजता ध्वनिक्षेपक चालू राहिला तर पोलीस येतात. रॅम्प नसला तर कोणीच येत नाही.

सवाई गंधर्वांचा उल्लेख निघालाच आहे तर एक आठवण करून देतो. रामभाऊ कुंदगोळकरांचं मैफलीतलं गाणं थांबलं ते पक्षाघाताने. शेवटची वर्षं त्यांनी त्या शरीरानिशी काढली आणि १९५२ साली ते गेले. महाराष्ट्रातला सगळ्यात मोठा संगीतोत्सव ज्यांच्या नावाने चालतो, ते आयुष्याच्या अखेरीस आमच्यातले होते. हे आम्ही कोणाला टोमणा म्हणून सांगत नाही. आपल्या परंपरेत आम्ही बाहेरून आलेलो नाही, एवढंच सांगायचं आहे.

आता थोडं आत शिरू, कारण रॅम्पवर गोष्ट संपत नाही.

आपल्या मनात 'रसिक' म्हणून जी मूर्ती आहे ती डोळ्यांपुढे आणा. मांडी घालून बसलेला. मान डोलतेय. मांडीवर ताल धरलाय. समेला हात बरोबर उठतो. सूक्ष्म श्रुती ऐकू येतात, गायकाच्या चेहऱ्यावरचा भाव दिसतो, योग्य जागी 'क्या बात है' निघतं आणि अयोग्य जागी शांतता. ही मूर्ती सुंदर आहे, पण ती एका विशिष्ट शरीराची आहे. मांडी घालता येणारं, कान शाबूत असलेलं, डोळे शाबूत असलेलं, स्वतःवर ताबा असलेलं शरीर. रसिकता हा मनाचा गुण आहे असं आपण म्हणतो आणि मोजतो मात्र शरीरावरून.

आमच्या चौथ्या सहकाऱ्यांचा भाऊ वीस वर्षांचा आहे. त्याला सरोद वेड लागल्यासारखा आवडतो. झाला सुरू झाला की तो पुढे मागे झुलतो आणि घशातून एक आवाज काढतो, लांब, एकसुरी. गंमत सांगू का? बहुतेक वेळा तो षड्जावर असतो. (हशा) पण शेजारचे वळतात. 'श्श' करतात. एकदा एका बाईंनी विचारलं, "याला का आणता?" त्याच मांडवात त्याच वेळी चार रांगा पुढे एक गृहस्थ दर मिनिटाला 'अहाहा' ओरडत होते. ती दाद होती. याचा तो गोंगाट. का? या प्रश्नाचं उत्तर समीक्षेने द्यायचं आहे, महापालिकेने नाही. व्यवस्थेला करण्यासारखं थोडं आहे: कडेला, बाहेर पडता येईल अशी चार आसनं, आणि मांडवामागे जनरेटरपासून लांब एक शांत कोपरा, जिथे तो दहा मिनिटं बसून परत येऊ शकेल. उरलेलं श्रोत्यांनी करायचं आहे.

कानाचं घ्या. श्रवणयंत्र हे मुळात बोलणं ऐकू यावं म्हणून घडवलेलं असतं. मोठा आवाज आला की ते तो दाबतं, बारीक आला की चढवतं. बोलण्याला हे ठीक. पण खुल्या मांडवातल्या मोठ्या स्पीकरच्या आवाजात काय होतं, आमचे मित्र सांगतात: तबला सगळं खाऊन टाकतो आणि तानपुरा नाहीसा होतो. तानपुरा नाही म्हणजे जमीनच नाही. यावर उपाय आहे आणि तो जुना आहे. एक तार बैठकीच्या एका भागाभोवती फिरवायची, ध्वनियंत्रणेतून तिला आवाज द्यायचा, आणि ज्यांच्या यंत्रात टी-कॉइल आहे त्यांनी कळ फिरवली की व्यासपीठावरचा आवाज थेट कानात. मधला गोंगाट वगळून. ती तार सतरंजीखालून जाऊ शकते. बैठकीच्या आत्म्याला धक्काही लागत नाही. (हशा)

ज्यांना मुळीच ऐकू येत नाही त्यांचं काय, असं कोणी म्हणेल. त्यांना संगीताचं काय काम? एव्हलिन ग्लेनी ही स्कॉटलंडची तालवादक लहानपणीच जवळजवळ पूर्ण बहिरी झाली. ती अनवाणी वाजवते. कंप पायांतून, हातांतून, छातीतून ऐकते. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकच्या उद्घाटनात तिचं वादन जगाने ऐकलं. आणि लांब कशाला, ढोलताशाच्या पथकाशेजारी उभं राहिल्यावर आपण काय फक्त कानाने ऐकतो?

दृष्टीचं सांगतो, कारण यात आमच्या हाती एक चांगलं उदाहरण आहे आणि ते आपलंच आहे. आमच्या अल्पदृष्टीच्या सहकारी म्हणतात, आयुष्यातली सगळ्यात सुगम मैफल त्यांनी आकाशवाणीवर ऐकली. निवेदक कलाकाराचं नाव सांगतो, राग सांगतो, ताल सांगतो, साथीला कोण कोण आहे ते सांगतो. कारण तिथे कोणालाच काही दिसत नाही. महोत्सवात साथीदारांची नावं पडद्यावर उमटतात आणि जातात. शेजारच्याला विचारावं तर तो गाण्यात. निवेदकाने सुरुवातीला आणि शेवटी आकाशवाणीसारखं दोन वाक्यं बोलायला पैसा लागत नाही. कार्यक्रमपत्रिका फोनवर वाचून दाखवता येईल अशा साध्या मजकुरात द्यायलाही लागत नाही. आपण मात्र ती चित्रात देतो, सुंदर अक्षरांत, आणि फोनचा आवाज फक्त 'चित्र' एवढंच म्हणतो.

आता एक विसंगती, जी आम्हाला सगळ्यात जास्त बोचते. व्यासपीठावरचा अंध कलाकार आपल्याला फार आवडतो. सूरदासांपासून के. सी. डे, रवींद्र जैन यांच्यापर्यंत आपण त्यांच्यापुढे हात जोडतो. 'डोळे नाहीत पण दिव्य दृष्टी आहे' असं म्हणतो. व्यासपीठावर अपंगत्व म्हणजे चमत्कार. आणि तेच अपंगत्व तिकीट काढून बाराव्या रांगेत बसायला आलं की अडचण. कलाकाराला हात धरून सन्मानाने वर नेतात, श्रोत्याला उचलून नेतात. दोन्हीकडे एक गोष्ट समान आहे: तो आपल्यासारखाच एक साधा माणूस आहे हे मान्य करायची गरज पडत नाही.

कायद्याचं थोडक्यात. भारताने संयुक्त राष्ट्रांच्या अपंग हक्क करारावर २००७ साली शिक्कामोर्तब केलं. त्याचं तिसावं कलम सांस्कृतिक जीवनातल्या सहभागाचं आहे. आपला २०१६ चा कायदा एप्रिल २०१७ पासून लागू झाला. त्याच्या २९ व्या कलमात कला अपंगांना सुगम करावी असं स्पष्ट आहे. सरकारांनी आणि स्थानिक संस्थांनी. पण नियम असे लिहिले गेले की मानकं सुचवल्यासारखी राहिली. ८ नोव्हेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुरी खटल्यात २०१७ च्या नियमांतला १५ वा नियम कायद्याशी विसंगत ठरवला. कायदा सक्ती सांगतो आणि नियम मात्र शिफारस करतो, हे चालणार नाही, असा त्याचा मथितार्थ. आणि केंद्राला तीन महिन्यांत सक्तीची किमान मानकं ठरवायला सांगितलं. त्याच निकालात एक भेद नीट मांडला आहे. एकेका माणसाच्या गरजेप्रमाणे केलेली तजवीज वेगळी आणि सगळ्यांसाठी आधीच करून ठेवलेली सुगमता वेगळी. चार मुलांनी खुर्ची उचलणं, ओढूनताणून, पहिल्यात बसेल. ते दुसऱ्याची जागा घेऊ शकत नाही.

गोव्यात जानेवारी २०२३ मध्ये पणजीला पर्पल फेस्ट झाला. अपंग माणसं कलाकार म्हणून, श्रोते म्हणून, एका शहरात एकत्र आली. ते चांगलंच झालं. पण आमची इच्छा वेगळ्या उत्सवाची नाही. आम्हाला आमच्या गावचा, जुना, धुळीचा, चहा पातळ असलेला महोत्सव हवा आहे.

म्हणून मागण्या चारच. एक, मैदान आखतानाच फाटकापासून बैठकीपर्यंत, बैठकीपासून शौचालयापर्यंत आणि परत बाहेरपर्यंत एक सलग घट्ट वाट. परत बाहेरपर्यंत, हे अधोरेखित करा. दोन, व्हीलचेअर जाईल असं निदान एक शौचालय, आणि त्याला कुलूप नको. तीन, तिकिटाच्या जाहिरातीतच एक फोन नंबर, ज्यावर बोलणाऱ्याला उत्तर माहीत असेल. चार, पोलीस आणि अग्निशमनाच्या परवानगीबरोबर सुगमतेचीही तपासणी, आणि ती तपासणाऱ्यांत एक तरी आमच्यातला.

आणि पाचवी मागणी तुमच्याकडे, लिहिणाऱ्यांकडे. महोत्सवाच्या वृत्तांतात एक परिच्छेद. फाटकापासून बैठकीपर्यंत काय होतं. एवढाच. पुढच्या वर्षी आयोजक तो वाचून मैदान आखेल.

शेवटी आमच्या मित्राचं. येत्या हिवाळ्यातल्या त्याच महोत्सवाची तिकिटं आता निघाली आहेत. त्यांनी या वेळी आधी फोन केला. विचारलं, रॅम्प आहे का. पलीकडून उत्तर आलं, "काका, या तुम्ही निर्धास्त. आपली मुलं आहेत, उचलतील." मित्र म्हणाले, "मी उचलून येणार नाही. रॅम्प झाला तर येईन, आणि तो घालायला मांडववाल्याशी बोलायची माझी तयारी आहे." पलीकडचे गृहस्थ थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "किती लांब लागेल?"

मित्र म्हणाले, "नऊ फूट."

त्यांनी लिहून घेतलंय असं म्हणाले. पुढे काय होतं ते अजून माहीत नाही. मराठीत 'आम्ही' आणि 'आपण' असे दोन वेगळे शब्द आहेत, हे भाग्य सगळ्या भाषांना नाही. आज तासभर आम्ही 'आम्ही' म्हणत बोललो, कारण मांडवात अजून तशीच स्थिती आहे. त्या संध्याकाळी मित्र स्वतःच्या हातांनी चाक फिरवत आत गेले, आणि रात्री तसेच बाहेर आले, तर वहीत पुढचं पान आम्ही 'आपण' असं सुरू करू.

 प्रश्न असतील तर जरूर विचारा. फक्त माईकमध्ये बोला, म्हणजे आमच्या सहकाऱ्यांनाही ऐकू येईल.